स्लॅब भरला, पण क्यूब फेल गेले. आता घर पाडायचं की ठेवायचं?

एप्रिल-मे महिना. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पारा ४४-४५ च्या घरात. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, पण बांधकामं मात्र जोरात चालू असतात. कारण एकच, पाऊस यायच्या आत स्लॅब टाकून मोकळं व्हायचं.

स्लॅब भरला जातो, पेढे वाटले जातात, वरच्या मजल्याचे कॉलम उभे राहतात. आणि २८ दिवसांनी लॅबमधून एक कागद येतो, त्यावर लिहिलेलं असतं की काँक्रिटचे क्यूब फेल झाले.

मग सुरू होतो गोंधळ. ठेकेदार म्हणतो, "काही होत नाही हो, इतकी वर्षं बांधतोय." नातेवाईकांपैकी कोणीतरी म्हणतं, "सरळ पाडून टाक." घरमालकाला रात्रभर झोप नाही, कारण आयुष्यभराची कमाई आणि वर बँकेचा हप्ता, सगळं त्या स्लॅबमध्ये गेलेलं असतं.

तर खरं काय? क्यूब फेल म्हणजे घर पडणार असं नाही. पण क्यूब फेल म्हणजे दुर्लक्ष करायचा कागद असंही नाही. या दोन टोकांच्या मधे एक ठरलेला रस्ता आहे. भारतात काँक्रिटच्या बांधकामाचं जे मुख्य मानक आहे, आयएस ४५६, त्यात तो दिलेला आहे. तोच टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

आधी हा क्यूब म्हणजे काय ते बघू

काँक्रिट ओतताना त्यातलंच थोडं काँक्रिट घेऊन १५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या लोखंडी साच्यात भरतात. दुसऱ्या दिवशी साचा काढून ते ठोकळे पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी मशिनमध्ये दाबून फोडतात. ठोकळा किती वजनाला फुटला त्यावरून काँक्रिटची ताकद ठरते.

एम २५ म्हणतात त्यातला २५ हा आकडा हीच ताकद सांगतो. दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन, म्हणजे २५ एमपीए. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या छोट्या ठोकळ्यासाठी हिशोब केला तर सुमारे ५७ टन होतात.

किती क्यूब घ्यायचे हेही ठरलेलं आहे. तीन क्यूब मिळून एक सॅम्पल होतं. ५ घनमीटरपर्यंत काँक्रिट असेल तर एक सॅम्पल, ६ ते १५ घनमीटरला दोन, १६ ते ३० ला तीन. हजार चौरस फुटांच्या घराचा स्लॅब बीमसकट साधारण १५ घनमीटरच्या आसपास जातो. म्हणजे किमान दोन सॅम्पल, सहा क्यूब. खासगी बंगल्यांच्या कामात मात्र बऱ्याचदा एकही क्यूब भरला जात नाही. तिथे काँक्रिट फेल होत नाही असं नाही, ते कळत नाही एवढंच.

फेल म्हणजे नक्की किती फेल?

इथे बहुतेकांची गफलत होते. एम २५ काँक्रिट आहे आणि रिपोर्टमध्ये २४ आले, म्हणजे फेल, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात नियम दोन आहेत आणि दोन्ही पाळावे लागतात.

पहिला नियम, कुठलंही एक सॅम्पल ठरलेल्या आकड्यापेक्षा ३ पेक्षा जास्त खाली जाता कामा नये. म्हणजे एम २५ साठी किमान २२.

दुसरा नियम, लागोपाठच्या चार सॅम्पलची सरासरी ठरलेल्या आकड्यापेक्षा किमान ३ ने वर हवी. म्हणजे एम २५ साठी किमान २८.

आता गंमत बघा. एखादं सॅम्पल २४ चं आलं आणि बाकीची ३० च्या वर असली तर काम नियमात बसतं. उलट चारही सॅम्पल २६-२६ ची आली, तर एकही २५ च्या खाली नसून काम नियमात बसत नाही. कारण काँक्रिट प्रत्येक घमेल्यात थोडं वेगळं असतं. सरासरीच काठावर असेल तर काही भाग नक्कीच काठाखाली गेलेला असणार, असा त्यामागचा विचार आहे.

म्हणून रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा, कोणता नियम मोडला आणि कितीने? २१.५ आणि १४ या दोन्ही आकड्यांना फेलच म्हणतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काँक्रिट फेल की क्यूबच फेल?

स्लॅबवर संशय घेण्याआधी क्यूबची चौकशी करायची. साच्यात नीट ठोकून भरला नाही, कडा तुटल्या, मशिनमध्ये चुकीच्या बाजूने ठेवला, तर चांगल्या काँक्रिटचा क्यूबही कमी आकडा दाखवतो.

खान्देशात यात उन्हाची भर पडते. क्यूब २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवायचे असतात. साइटवर ते उघड्या टाकीत, कधी तर टाकीबाहेर तापत पडलेले असतात. अशा क्यूबने स्लॅबची बदनामी होऊ शकते. एका सॅम्पलमधले तीन क्यूब एकमेकांशी जुळतात का तेही बघतात. त्यातला एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेला तर ते सॅम्पलच ग्राह्य धरत नाहीत.

उलटा प्रकारही असतो. क्यूबपुरतं जास्त सिमेंट घालून "खास" क्यूब भरायचे. त्यात क्यूब पास होतो आणि स्लॅब जसा आहे तसाच राहतो. त्यामुळे क्यूब भरताना मालकाचा माणूस किंवा इंजिनिअर समोर हवा. ठोकळ्यावर तारीख आणि जागा तिथल्या तिथे लिहिली गेली पाहिजे.

आपल्याकडे काँक्रिट कमी का पडतं?

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे जास्तीचं पाणी. पारंपरिक प्रमाणात एम २० करताना ५० किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं. पण ४४ अंशांत काँक्रिट भराभर घट्ट होतं, ते सरकवायला मजुरांना जड जातं, मग कोणीतरी एक बादली ओततं. पातळ काँक्रिट झरझर पसरतं, सगळे खूश होतात. पण सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्त झालेलं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या राहतात. ताकद तिथेच जाते.

दुसरं कारण वाळू. गिरणा, तापी, पांझरेची वाळू मातीमिश्रित आली, किंवा तिच्या जागी वापरलेल्या क्रश सँडमध्ये भुकटी जास्त असली, की काँक्रिट आणखी पाणी मागतं. म्हणजे फिरून पाण्यावरच येतो.

तिसरं कारण क्युरिंग. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं असतं. उष्ण आणि कोरड्या हवेत ते किमान १० दिवस. फ्लाय अ‍ॅश असलेल्या पीपीसीला १४ दिवसांपर्यंत न्यावं अशी शिफारस आहे. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, तिथे जळलेल्या कोळशाची जी बारीक राख निघते तीच फ्लाय अ‍ॅश. ती वाईट नाही, उलट काँक्रिट टिकाऊ करते, पण सावकाश ताकद धरते. तिला पाणी जास्त दिवस लागतं. आणि नेमकं उन्हाळ्यातच नळाला पाणी काही दिवसांआड येतं. मग स्लॅबवर आळी करून पाणी कोंडलेलं असतं, पण उभ्या कॉलमला गोणपाट गुंडाळायचं राहून जातं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कॉलमचाच प्रश्न येणार आहे.

अजून एक. तापी खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्याने भिंतींना तडे जातात. प्रत्येक तडा म्हणजे काँक्रिट खराब असा अर्थ नाही. तडा पायाचा की काँक्रिटचा हे इंजिनिअरला बघू द्या.

आता थेट इमारतीलाच विचारायचं

क्यूब ही इमारतीची जन्मपत्रिका समजा. तिच्यावर शंका आली की थेट माणूस तपासायचा. त्याचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा रिबाउंड हॅमर. स्प्रिंगचा हातोडा काँक्रिटवर दाबायचा आणि तो किती उसळतो ते बघायचं. स्वस्त, झटपट, तोडफोड नाही. पण तो फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगतो. त्यावरून काढलेली ताकद २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. त्यामुळे नुसता हॅमर मारून "पास आहे" असा दाखला कोणी देत असेल तर तो अपुरा आहे.

दुसरा टप्पा अल्ट्रासोनिक तपासणी. एका बाजूने ध्वनिलहरी सोडायच्या आणि दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचतात ते मोजायचं. आत पोकळी असली तर लहरींना वळसा घालावा लागतो, वेग कमी येतो. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग म्हणजे साधारण चांगलं काँक्रिट, तीनच्या खाली म्हणजे संशयास्पद.

या दोन्हींचा खरा उपयोग कमकुवत जागा शोधायला होतो. निकाल देते ती तिसरी चाचणी, कोअर. मशिनने काँक्रिटमधून गोल नळकांडं कापून काढायचं आणि लॅबमध्ये दाबायचं. किमान तीन कोअर लागतात. कापण्याआधी सळई कुठे आहे ते शोधून ती वाचवावी लागते आणि नंतर भोक चांगल्या मटेरियलने भरावं लागतं.

कोअरच्या आकड्याचं क्यूबमध्ये रूपांतर केल्यावर सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के आली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली गेला नाही, तर काँक्रिट स्वीकारता येतं. एम २५ साठी सरासरी २१.२५ आणि एकेकाला १८.७५. ही सूट अशासाठी, की प्रत्यक्ष जागेवरचं काँक्रिट टाकीतल्या क्यूबइतकं लाडात वाढलेलं नसतं आणि कापतानाही त्याला धक्के बसतात.

किती फेल झालं यापेक्षा कुठे फेल झालं?

समजा कोअरही कमी आले आणि एम २५ च्या जागी प्रत्यक्षात २० च भरले. आता स्ट्रक्चरल इंजिनिअरने मूळ गणित २० धरून पुन्हा करायचं. इथे एक गोष्ट कळते जी सामान्य माणसाला उलटी वाटते. स्लॅबची भीती सगळ्यांना वाटते, कारण तो डोक्यावर असतो. पण खरी काळजी कॉलमची.

स्लॅब आणि बीम वाकतात तेव्हा खालच्या बाजूचा ताण सळई घेते. त्यामुळे नेहमीच्या प्रमाणात सळई असलेल्या बीमचं काँक्रिट २५ चं २० झालं, तर त्याची वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे ३ टक्केच घटते. कॉलमचं तसं नाही. तिथे वरचं सगळं ओझं मुख्यतः काँक्रिटच पेलतं. एक टक्का सळई असलेल्या कॉलममध्ये तीच घट सुमारे १५ टक्के होते. आणि तळमजल्याच्या कॉलमवर सगळ्या मजल्यांचा भार असतो.

म्हणून वरच्या मजल्याचा स्लॅब थोडा कमी भरला आणि तळमजल्याचा कॉलम तेवढाच कमी भरला, तर निर्णय वेगळे असू शकतात.

"डिझाइनमध्ये मार्जिन असतंच की!"

हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ते खोटं नाही. डिझाइन करताना इंजिनिअर क्यूबच्या ताकदीच्या निम्म्याहून कमीच ताकद धरतो, म्हणजे २५ पैकी जेमतेम ११. म्हणूनच थोडं फेल झालेलं काँक्रिट लगेच कोसळत नाही.

पण हे मार्जिन ठेकेदाराच्या मालकीचं नाही. ते राहणाऱ्या माणसांचं आहे. गणितात राहिलेली चूक, गच्चीवर उद्या ठेवलेली मोठी टाकी, भूकंपाचा धक्का, वीस वर्षांनी गंजलेली सळई, या सगळ्यांसाठी ते राखून ठेवलेलं असतं. बांधतानाच ते खाऊन टाकलं तर पुढच्या संकटाला शिल्लक काय राहणार? शिवाय कमी ताकदीचं काँक्रिट सच्छिद्र असतं. आज वजन पेललं तरी ओल लवकर आत जाते, सळई लवकर गंजते आणि इमारतीचं आयुष्य घटतं.

शेवटची परीक्षा, लोड टेस्ट

गणितानेही समाधान झालं नाही तर स्लॅब आणि बीमवर प्रत्यक्ष वजन ठेवून बघतात. नेहमीच्या वापराच्या सव्वापट भार २४ तास ठेवायचा. घराच्या स्लॅबसाठी तो दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो होतो, म्हणजे स्लॅबवर दहा इंच पाणी साठवल्याइतका. फरशी वगैरे अजून बसवली नसेल तर तिचंही वजन धरायचं. मग भार काढायचा आणि वाकलेला स्लॅब २४ तासांत किमान ७५ टक्के परत वर येतो का ते बघायचं. नाही आला तर ७२ तासांनंतर पुन्हा एकदा चाचणी, आणि त्यात किमान ८० टक्के परत यायला हवा.

पण लोड टेस्ट म्हणजे रामबाण नाही. केरळमधल्या कोचीच्या पालारीवट्टम उड्डाणपुलाचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये सुरू झालेला हा पूल तडे आणि इतर दोषांमुळे २०१९ मध्ये बंद करावा लागला. आधी लोड टेस्ट करा की थेट दुरुस्तीला लागा, यावर सरकार आणि ठेकेदाराचं भांडण कोर्टात गेलं. हायकोर्टाने लोड टेस्ट करायला सांगितली. सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला पुलाच्या पुनर्बांधणीची मोकळीक दिली आणि मार्च २०२१ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. वापरात आल्यावर जेमतेम अडीच वर्षांत बंद, मग जवळपास दोन वर्षं वाहतूक नाही. दोष उशिरा सापडला की किंमत अशी वाढते.

मग उपाय काय?

परिस्थितीप्रमाणे पाच वाटा आहेत.

१. कमतरता थोडी असेल आणि सिमेंट पीपीसी असेल, तर क्युरिंग वाढवून ५६ किंवा ९० दिवसांनी पुन्हा तपासणं. पण तोपर्यंत वर बांधकाम चढवायचं नाही.

२. भार कमी करणं. ठरलेला मजला रद्द करणं, जड विटांऐवजी हलके ब्लॉक वापरणं, टाकीची जागा बदलणं.

३. जॅकेटिंग. कॉलमभोवती नव्या सळया आणि नवं काँक्रिट चढवायचं. प्रत्येक बाजूने साधारण चार इंच जाडी वाढते, खोलीची जागा जाते, पण कॉलम वाचतो. हे काम तळमजल्यापुरतं करून भागत नाही, पायापासून गणित करावं लागतं.

४. कार्बन फायबरचं वेष्टण किंवा लोखंडी सेक्शन लावणं. जागा कमी जाते, पैसे आणि कौशल्य जास्त लागतं.

५. पाडणं. कोअर खूपच कमी आले आणि कॉलम गणितात बसत नसेल, तर वरचा भार टेकूवर घेऊन तेवढा भाग तोडून पुन्हा करणं हाच प्रामाणिक मार्ग उरतो. एक मजला असताना हे जमतं. चार मजले झाल्यावर तेच काम जिवावरचं होतं.

एक गोष्ट मात्र उपाय नाही. वरून प्लॅस्टर करणं. त्याने मधमाशीच्या पोळ्यासारखं काँक्रिट दिसेनासं होतं, बरं होत नाही.

नवीन आहे म्हणजे मजबूत आहे?

४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ मुंब्र्याच्या शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमधली तारीक गार्डन ही इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. तीही काही पन्नास वर्षांची जुनी नव्हती. अशा दुर्घटनांमागे एकच कारण नसतं. पण नवी इमारत म्हणजे काळजी नको, हा समज या दोन घटनांनी मोडून काढला आहे.

पैसे कोणी द्यायचे?

फ्लॅट असेल आणि प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल, तर कायदा स्पष्ट आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. तक्रार लेखी करा आणि पोच घ्या.

स्वतःचा बंगला ठेकेदाराकडून बांधून घेत असाल तर सगळं करारावर येतं. करारात तीन ओळी घाला. काँक्रिटचा ग्रेड कोणता, क्यूब किती आणि कोणत्या लॅबमध्ये तपासायचे, आणि फेल झाले तर कोअर व दुरुस्तीचा खर्च कोणाचा. वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तिथे तोंडी शब्दापेक्षा हाच कागद कामी येतो.

२८ दिवस थांबायचंच कशाला?

सगळ्यात कामाची गोष्ट ही. प्रत्येक स्लॅबला आणि कॉलमला तीन क्यूब जास्तीचे भरा आणि ते ७ व्या दिवशी फोडा. ओपीसीच्या काँक्रिटने ७ दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद धरलेली असते, पीपीसी थोडं मागे असतं. एम २५ चे क्यूब ७ दिवसांत १७ च्या आसपास आले तर गाडी रुळावर आहे. १० च आले तर काहीतरी बिघडलंय, आणि हे कळतं तेव्हा वरचा मजला चढलेला नसतो, सेंट्रिंग खालीच असतं, ठेकेदाराचं बिलही निघालेलं नसतं.

आणि रिपोर्ट फेल आला तर त्याच दिवशी वरचं काम थांबवा, टेकू काढू नका, डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला लेखी कळवा आणि ठेकेदाराशी संबंध नसलेल्या लॅबकडून तपासणी करून घ्या. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सिव्हिल विभागात अशी चौकशी करता येते.

फेल रिपोर्ट ही वाईट बातमी आहे, पण वेळेवर आलेली वाईट बातमी आहे. ती फाइलमध्ये दडवली तर तिचं ओझं त्या छताखाली झोपणाऱ्यांवर जातं.